धाकटी झोपते तेव्हा

खालापूरच्या टोलनाक्याची गर्दी मागे टाकून आत डोंगराकडे वळलं की आधी डांबर संपतं, मग खडी संपते, आणि टेंपोवाला जिथं "आता चाला" म्हणून हात झाडतो तिथं करंजपाडा लागतो. गावाची विहीर त्याच्याही खाली, नाल्याच्या अंगाला. डोक्यावर हंडा घेऊन एक बाई उतरेल एवढीच वाट. विहिरीचा गाळ उपसायला हल्ली सगळीकडे मोटारीची यारी, म्हणजे क्रेन, लावतात, पण ती इथवर आणायची तर आधी डोंगर फोडायला हवा होता. म्हणून किरणनं आबांच्या जुन्या कप्प्या माळ्यावरून खाली काढल्या, आणि दोर ओवायच्या आधी बहिणीला फोन केला.

बहीण म्हणजे समीक्षा. खोपोलीकडच्या कारखान्यांमधल्या क्रेन आणि चेनकप्प्या तपासायचं तिचं काम. साखळीचा एक दुवा झिजलेला दिसला तरी अख्खं खातं बंद पाडणारी बाई, अशी तिची ख्याती होती. सुपरवायझर लोक तिला चहाबिस्किटं खिलवून बघत. ती चहा पिई, बिस्किटं खाई, आणि जाताना लाल खूण मारूनच जाई.

"ताई, येकदा येऊन दोर न् कप्प्या बघून जा," किरण म्हणाला. "मला आत उतरायचंय."

"कुठल्या विहिरीत?"

गावाला विहीर एकच होती. दोन वर्षांपूर्वी त्याच विहिरीत त्यांचे वडील आबा, म्हणजे नामा मुकादम, अंगावर दरड येऊन गेले होते.

तेव्हापासून आत कुणी पाय टाकला नव्हता. तळाचा झरा गाळानं बुजला, वरच्या अंगाला फार्महाऊसवाल्यांनी बोअर मारले, आणि पाड्यावर टँकरची वाट बघत बसायची पाळी आली. विहीर मोकळी करणं भाग होतं, हे समीक्षालाही कळत होतं. पण घरातलं एक माणूस जिथं गेलं तिथंच दुसरं उतरणार होतं. तिनं रजा टाकली आणि आली.

विहिरीच्या कठड्यावर तीन वाशांची तिवई उभी राहिली. तिच्या शेंड्याला दोन कप्प्या, आणि खाली पाळण्यावर एक. पाळणा म्हणजे लोखंडी पिंप अर्ध्यात कापून केलेलं मोठं भांडं. गाळही त्यातूनच वर येई आणि माणूसही. दोराचं एक टोक पाळण्याच्या कडीला असे. तिथून दोर वर जायचा, पहिल्या कप्पीवरून परत खाली यायचा, पाळण्यावरच्या कप्पीखालून वळून पुन्हा वर, आणि तिसऱ्या कप्पीवरून बाहेर पडून ओढणाऱ्यांच्या खांद्यावर. तिन्ही कप्प्या एकाच मापाच्या, पण आबांनी त्यांना दोराच्या क्रमानं नावं दिली होती: धाकटी, मधली आणि थोरली. पाळणा एक हात वर आला की धाकटीवरून एक हात दोर सरकतो, मधलीवरून दोन हात आणि थोरलीवरून तीन. म्हणजे धाकटीचा एक फेरा होतो तोवर मधलीचे दोन होतात आणि थोरलीचे तीन. "घरात धाकटी सून राबते न् थोरली बसून खाते, हितं उलटं हाय," असं म्हणून आबा हसायचे. त्यांची बायको चंद्राबाई स्वतः घरातली धाकटी सून. ती न हसता भाकरी थापत राहायची.

काम सुरू करताना प्रत्येक कप्पीवर कुंकवाचं बोट लावायचं, म्हणजे पूजाही होते आणि कप्पी किती फिरली तेही लांबून दिसतं. समीक्षाचे पाढे शाळेच्या आधी त्या कुंकवावर झाले होते. पुढे डिप्लोमाला सरांनी हेच गणित फळ्यावर घातलं, तेव्हा वर्गात एकटीच ती हात वर करून बसली होती, आणि सरांनी तिला काही विचारलंच नाही, याचा राग तिला अजून होता.

नामा मुकादमाच्या विहिरी उपसणाऱ्या टोळीची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या टोळीत नव्हती. गाळ वर घेताना दोराचं टोक कडीला गाठ मारून पक्कं करायचं. पण माणूस वर येताना ती गाठ सोडायची, कडीला दोन वेढे घालून टोक हातात घ्यायचं, आणि पाळणा चढेल तसा दोर आपणही ओढून घ्यायचा. "आयतं वर यायचं नाय," आबा म्हणायचे. दुसरं कुणी वर येत असलं की धाकटी अडखळायची, मधेच पळायची. आबा येत तेव्हा मात्र धाकटीवरून जेवढा दोर जाणार, नेमका तेवढाच ते खाली घेत, आणि धाकटी जागच्या जागी थांबे. थोरली फिरतेय, पाळणा चढतोय, आणि धाकटीवरचं कुंकू तसूभर हलत नाही. "धाकटी झोपली!" लहानगी समीक्षा कठड्यावरून ओरडायची. "आबा आले!" ओढणाऱ्यांचंही चालणं मग वाचायचं. एरवी पाळणा काठाला लागेपर्यंत त्यांना दोर खांद्यावर घेऊन नाल्याकाठच्या पळसापर्यंत जावं लागे. आबा असले की पळसाच्या पुष्कळ अलीकडे, गुरांच्या दगडी डोणीपाशीच काम होई. आबा काठाला येत, कुणीतरी हात देई, आणि पाळण्यात ओढून घेतलेल्या दोराचं नीटस वेटोळं पडलेलं असे. डाव्या हाताचं वेटोळं, कारण आबा डावरे होते.

आणखी एक नियम होता, पाळण्यात एका वेळी एकच माणूस. आबा गेले त्या दिवशी त्यांनी एकेकाला वर धाडलं आणि स्वतः शेवटी राहिले. पाळणा खाली पोचायच्या आत एका बाजूची दरड सुटली. दुसऱ्या दिवशी बाहेरून बचाववाले आले आणि त्यांनी आपल्या पट्ट्यांनी, आपल्या सामानानं आबांना वर काढलं. पुढचं सगळं रीतसर झालं, दहावं झालं, तेरावं झालं. चंद्राबाई मात्र एकच गोष्ट म्हणत राहिली, "त्यांना आपल्या दोरानं कुणी वर घेतलंच नाय." शोकात माणूस काहीही बोलतं, असं धरून कुणी त्यावर वाद घातला नाही.

समीक्षानं दोर हातभर हातभर करून तपासला, कप्प्या फिरवून पाहिल्या, ग्रीस भरलं. दशरथनं नारळ फोडला. दशरथ वरच्या ठाकूरवाडीतला, आबांचा सगळ्यात जुना साथीदार. कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते दुसऱ्यांदा न सांगणारा. समीक्षाच्या हट्टानं किरणऐवजी गजा नावाचा काटक गडी पाळण्यातून खाली उतरला आणि गाळ भरायला लागला. सकाळभर सगळं सुरळीत चाललं. धाकटी एक, थोरली तीन, ओढणारे पळसापर्यंत जात, परत येत. समीक्षाच्या मनावरचं ओझं थोडं उतरलं.

दुपारी ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. माणसाची सावलीही पायाखाली जाऊन बसली होती. विहिरीच्या तळाला त्या तेवढ्या वेळापुरता उजेड पोचतो. पाळणा गाळानं भरून तळावरून उचलला गेला, थोरली फिरायला लागली, आणि समीक्षाचं लक्ष धाकटीकडे गेलं. कुंकू हलत नव्हतं.

"अडकली," ती स्वतःशीच म्हणाली. थांबा म्हणून ओरडायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटीनं एक हिसका खाल्ला आणि ती फिरायला लागली.

"लय जड लागत व्हतं," ओढणाऱ्यांतला पुढचा गडी म्हणाला. "मंग येकदम हलकं झालं."

पाळणा काठाला लागला. ओढणारे मात्र पळसाच्या अलीकडेच उभे होते. फार नाही, दीडएक पुरुष. विहिरीच्या कामात खोली पुरुषात मोजतात, एक पुरुष म्हणजे एक उभा माणूस. समीक्षानं ते अंतर नजरेनं मोजलं. कप्पी नुसती अडकली असती तर दोर तिच्यावरून घसरत गेला असता, पण ओढणाऱ्यांना पळसापर्यंत जावंच लागलं असतं. अडकलेल्या कप्पीनं दोर काही आखूड होत नाही. दीड पुरुष दोर कमी लागला, म्हणजे तेवढा दोर दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ओढून घेतला होता.

तिनं पाळण्यात वाकून पाहिलं. गाळावर ओल्या दोराचं लहानसं वेटोळं होतं, डाव्या हाताचं. कडीवरची गाठ सुटून तिथं दोन वेढे बसले होते.

दशरथनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मुकादम," तो म्हणाला.

गजाला वर घेतलं. त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं की गाठ त्यानं स्वतः मारली होती.

"आत कोन व्हतं?" किरणनं विचारलं.

"कोन असनार रं? मीच व्हतो!" गजा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो कठड्यापासून चार पावलं मागे सरकला. त्यानंतर त्यानं दोर ओढला, पण विहिरीत काही उतरला नाही. आत जायचं काम किरणवर आलं, आणि समीक्षाला तोंड उघडायला जागा राहिली नाही.

मग ते रोजचंच झालं. सकाळी काही नाही. ऊन तळाला टेकलं की एखाद्या फेरीला धाकटी झोपायची, ओढणाऱ्यांना जड लागायचं, आणि काही अंतरानं धाकटी जागी होऊन भार हलका व्हायचा, कुणीतरी मधेच उतरून गेल्यासारखा. फक्त झोप दिवसागणिक लांबत होती. पाळण्यातलं वेटोळं मोठं होत होतं, आणि ओढणारे पळसापासून जास्त जास्त अलीकडे थांबत होते.

समीक्षा भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण समोर दोराचं गणित उभं असताना ते न सोडवता बसणंही तिच्या स्वभावात नव्हतं. पळसापासून ओढणारे जिथं थांबले तिथवरचं अंतर काढायचं, बस्स. तेवढाच दोर आत ओढला गेला, आणि धाकटी झोपलेली असताना पाळणा तेवढाच वर आला. तो जो कोण होता, तो तेवढाच वर आला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी बसलेल्या चंद्राबाईनं मान वर न करता विचारलं होतं, "कुठवर आले?"

समीक्षानं चिडून म्हणायला हवं होतं, काय बोलतेस आई हे. ती म्हणाली, "दीड पुरुष."

"आठ पुरुष हाय हीर," चंद्राबाई म्हणाली आणि भाकरी परतली.

त्यानंतर रोज तोच प्रश्न आला आणि रोज समीक्षानं उत्तर दिलं. तीन पुरुष. साडेचार. सहा. सांगताना तिला भीती वाटायची, आणि आकडा वाढलेला असला की भीतीच्या खालून आनंदही वर यायचा, आणि त्या आनंदाचीच तिला जास्त भीती वाटायची. एकदा तिनं बॅगेतून लोखंडी क्लिप काढली. कडीवर दोर त्या क्लिपनं आवळून बोल्ट कसला की कुणाच्या हातानं टोक सुटणार नव्हतं. कारखान्यात तिनं अशा शंभर जागी क्लिपा मारायला लावल्या असतील. पाळण्यापाशी ती पाना हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली, आणि मग क्लिप परत बॅगेत टाकली. तिला आबा हवे होते, हे खरं होतं, आणि ते स्वतःला सांगताना तिला रडू आलं.

किरणला विचारावं तर तो हसायचा. "मला आत काय बी वाटत नाय, ताई. उलट बरं वाटतंय. कुनीतरी बरूबर हाय आसं." त्याचं हे बरं वाटणंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

मग एका दुपारी धाकटी झोपली ती पाळणा पार वर येईपर्यंत झोपूनच राहिली, आणि काठ अगदी हातभर उरला असताना हिसका देऊन जागी झाली. कठड्याशी उभ्या असलेल्या दशरथच्या तोंडावर विहिरीतून गार वारा आला. त्यानं नकळत हात पुढे केला होता. तो तसाच मागे घेतला.

"उद्या येतील," त्या संध्याकाळी चंद्राबाई म्हणाली. तिनं पेटीतून आबांचा सदरा काढला, कर्जतच्या बाजारातून घेतलेला, एकदाही अंगात न घातलेला. घडी उलगडून तिनं तो झटकला आणि परत घडी घातली. "काठाला आल्यावर हात द्यायला मानूस लागतं. मी येनार."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. सदरा आणि पाण्याचा तांब्या घेऊन कठड्यापाशी बसली. एरवी या कामावर समीक्षाखेरीज बाई फिरकत नसे, पण तिला कुणी काही बोललं नाही. गाळ जवळपास संपला होता. किरण खाली पहारीनं झऱ्याचं तोंड मोकळं करत होता. पहारीचा ठण ठण आवाज येत होता. ऊन सरकत सरकत तळाकडे निघालं होतं.

पहारीचा आवाज एकदम बदलला. कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसं काहीतरी खाली झालं, आणि पाणी फुटल्याचा आवाज आला. किरण आनंदानं ओरडला. त्या ओरडण्यातच जुन्या दरडीच्या बाजूचे दगड सुटले.

समीक्षानं कठड्यावरून वाकून पाहिलं तेव्हा खाली गढूळ पाणी चढत होतं आणि किरण पाळण्यात पडला होता, मान एका बाजूला टाकून. कपाळ लाल झालं होतं. तो पाळण्यात स्वतः चढला होता का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

"ओढा!" दशरथ ओरडला.

ओढणाऱ्यांनी जोर लावला. दोर ताठ झाला, तिवईचा एक वासा करकरला, आणि पाळणा जागचा हलला नाही. किरण काही भारी गडी नव्हता. रोज त्याच्या दुप्पट वजनाचा गाळ हीच माणसं वर घेत होती. समीक्षानं कप्प्यांकडे पाहिलं. थोरली थांबलेली आणि धाकटीही थांबलेली. पाणी पाळण्याच्या काठाला लागलं.

"पुन्हा! जोर करा!"

पुन्हा दोर ताणला गेला. पाळणा बोटभर उचलल्यासारखा वाटला आणि परत बसला. गजाच्या हातातून दोर सुटता सुटता राहिला. दशरथ कठड्यावर पालथा पडून आत बघत होता. त्याची नजर म्हातारी होती, पण उन्हाची तिरीप आता तळाला पोचली होती.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "पाळन्यात दोघं हायत."

चंद्राबाईनं हात आधीच विहिरीवर धरला होता. सकाळपासून ती त्या एका हातासाठी बसली होती, दोन वर्षं बसली होती म्हटलं तरी चालेल. तिनं आत पाहिलं. समीक्षानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं की आई आता काय करणार आहे, आणि ते आपल्या हातून झालं नसतं.

"अवो," चंद्राबाई म्हणाली. आवाज चढवून नाही. घरात जेवायला हाक मारावी तेवढाच. "ऐकलंत का? उतरा खाली."

पाणी वाजत होतं.

"उतरा. पोराला येऊ द्या." तिचा आवाज फुटला. "मी हाय हितंच. मी कुठं जात नाय. तुमी उतरा."

धाकटीवरचं कुंकू हललं. समीक्षा त्या कप्पीकडे डोळे फाडून बघत होती. आता ती झोपेल, नाहीतर रोजच्यासारखी फिरेल. धाकटी उलटी फिरायला लागली.

असं समीक्षानं कधी पाहिलं नव्हतं, ना इथं, ना कारखान्यात. पण डोक्यातलं गणित थांबलं नाही, ते आपणहून पुढे चालू लागलं. पाळण्यात बसून कुणी दोर ओढला तर धाकटी झोपते. ती उलटी फिरायची तर ओढणारा पाळण्यात नको. तो तळाशी उभा राहून दोर खाली ओढत असायला हवा. मग त्याचा जोर पाळण्याला मिळतो आणि त्याचं वजन मिळत नाही.

"ओढा!" ती किंचाळली. "उतरलेत ते! ओढा!"

पाळणा असा वर आला की ओढणारेच धडपडले. ते अजून डोणीपाशीही पोचले नव्हते, तिच्या निम्म्या वाटेवरच होते, आणि पाळणा काठाला लागला होता. चंद्राबाईचा पसरलेला हात तसाच होता. त्यात किरणचं मनगट आलं. तिनं ते धरलं, दशरथनं त्याला काखेतून उचललं, आणि किरण कठड्याच्या अलीकडे येऊन पडला. तो खोकला. त्याच्या तोंडातून पाणी आलं.

ओढणारे दोर धरून उभे होते. दशरथ आणि चंद्राबाई किरणवर वाकले होते. समीक्षा एकटी विहिरीपाशी राहिली. पाळणा हवेत लटकत होता आणि त्याची कडी रिकामी होती. दोराचं टोक तिथं नव्हतंच. धाकटीवरून दोर सरळ खाली गेला होता, ताठ, पार पाण्यात. त्याच्यावरून थेंब निथळत होते. तिनं त्याला हात लावला. दोर दगडाला अडकला आहे की माणसानं धरला आहे, हे तिच्यासारख्या बाईच्या हाताला लगेच कळतं.

"आबा," ती म्हणाली.

दोर क्षणभर तसाच राहिला. मग ढिला पडला. रिकामा पाळणा धडधडत खाली गेला आणि पाण्यात आपटला. दोराचं ओलं टोक सळसळत वर आलं आणि धाकटीच्या खोबणीत अडकून थांबलं.

किरणला टेंपोतून कर्जतला नेलं. डोक्याला टाके पडले, दोन दिवस ठेवून घेतलं, मग सोडलं. कसा वाचलास म्हणून लोकांनी विचारलं तर तो एवढंच सांगायचा की दगड लागल्यावर आपण पाण्यात पडलो होतो, आणि कुणीतरी काखेत हात घालून उचललं. दशरथनं उचललं ते आठवत असेल, असं लोक म्हणत. पण दशरथनं त्याला उचललं ते काठावर, पाण्यात नव्हे, हे समीक्षानं पाहिलं होतं.

तो घरी आला त्याच दिवशी चंद्राबाई दशरथला म्हणाली, "त्यांची येक फेरी ऱ्हायलीय."

विहिरीचं पाणी तोवर निवळून बरंच वर आलं होतं. दशरथनं गळ टाकून पाळणा बाहेर काढला, दोर पुन्हा ओवला, आणि टोक कडीला नेहमीसारखी गाठ मारून बांधलं. समीक्षानं तिन्ही कप्प्यांवर ताजं कुंकू लावलं. दुपार झाली. गजा, किरणचे सोबती, पाड्यावरचे आणि ठाकूरवाडीतले बाप्ये, सगळे येऊन दोराला लागले. एका रिकाम्या पाळण्यासाठी एवढी माणसं कधी लागली नव्हती. पाळणा पाण्यात गेला, तळाला टेकला. कुणी काही न सांगताच सगळे बराच वेळ थांबले, म्हाताऱ्या माणसाला बसायला वेळ द्यावा तसे.

"चला," दशरथ म्हणाला.

चंद्राबाई कठड्याशी गुडघे टेकून बसली होती. नव्या सदऱ्याची घडी मांडीवर, आणि एक हात विहिरीवर धरलेला. तिनं डोळे मिटून घेतले होते.

दोर सरकायला लागला. समीक्षा धाकटीकडे बघत होती. कुंकू वर आलं, पलीकडे गेलं, खाली उतरलं, पुन्हा वर आलं. तिचा एक फेरा होईतो थोरलीचे तीन झाले. मग पुन्हा एक, आणि पुन्हा तीन. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या समीक्षानं त्या दिवशी हात जोडले, की हे गणित चुकू दे. एकदाच, अर्धा फेरा तरी चुकू दे.

"समे," डोळे न उघडता चंद्राबाईनं विचारलं, "कुठवर आले गं?"

समीक्षानं मान वळवून नाल्याकडे पाहिलं. ओढणारे पार पळसापाशी पोचले होते, हातभरही अलीकडे नाही.